दार नसलेली कमान

मस्कतच्या वादी कबीरमधल्या एका सुतारकारखान्यात कॉस्मास तुस्कानो हेडमेस्त्री होता. वसईचा माणूस. एक्क्याण्णव साली दारं-खिडक्या करायला आला, तो दोन वर्षांच्या बोलीवर. आणि राहिला तेरा वर्षं, जसे सगळेच राहतात. हमरियात चौघांत एक खोली. बायको मार्था आणि दोन मुली वसईला. शुक्रवारी सकाळी रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा, आणि मिस्सा आटोपली की टेलिफोन कार्ड घेऊन मार्थाशी बोलणं. एवढ्यात त्याचं आयुष्य सांगून संपलं असतं. पण त्याची एक वेगळी ख्याती होती. तो देवाची घरं करायचा.

त्याची सुरुवात एका आल्तारापासून झाली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये वसईचीच एक नर्स राहायची, तिला खोलीत येशूची तसबीर ठेवायला काहीतरी हवं होतं. कॉस्मासने उरल्यासुरल्या सागवानाचं एक छोटं आल्तार करून दिलं. वर आपल्या गावच्या चर्चसारखे दोन मनोरे, मध्ये क्रूस. ते बघून पुण्याचे चंद्रहास केतकर आणि त्यांची बायको श्यामला यांनी देव्हारा मागितला. त्याला त्याने शिखर काढलं, वर कळस बसवला. मग तमिळ लोक आले, त्यांना गोपुर. मल्याळी आले, त्यांना उतरतं छप्पर. दहा वर्षांत पन्नासेक देवघरं झाली असतील, आणि एकही परत आलं नव्हतं.

यातून त्याने एक नियम काढला होता आणि तो नियम तो कुणालाही, न विचारता, सांगायचा. घरातलं देवघर म्हणजे गावातल्या देवळाचं पिल्लू. मोठं देऊळ नीट बघायचं, लहान करायचं, झालं काम. त्यामुळे देवाच्या कामाला तो कधी कागदावर आकृती काढू द्यायचा नाही. वॉर्डरोब असेल, किचनचं कपाट असेल, तर ड्रॉइंग आणा, माप लिहून सही करा, सगळं. देवाच्या कामाला मात्र ड्रॉइंग लागत नाही, असं तो म्हणायचा. माणूस गुणी होता, पण गुणी माणसाला आपल्या गुणाचा जो एक ताठा येतो, तो त्यालाही आला होता. आणि तो उतरवणारं गिऱ्हाईक अजून भेटलं नव्हतं.

ते गिऱ्हाईक दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत आलं.

चंद्रहास बरक्याजवळच्या एका प्रकल्पावर इंजिनीयर होते, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प. तिथले त्यांचे वरिष्ठ मोरिशिता नावाचे जपानी गृहस्थ. एका गुरुवारी दुपारी चंद्रहास त्यांना घेऊन कारखान्यात आले. छप्पन-सत्तावन्नचा सडपातळ माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, हातात सुती कापडात गुंडाळलेली वीतभर लांबीची एक वस्तू. त्यांची बायको जानेवारीत इथेच, कुरुमच्या घरी, कुंड्यांना पाणी घालताना पडली ती उठलीच नाही. तिला त्यांनी जपानला नेलं, तिथे दहन झालं, आणि प्रकल्प चालू व्हायच्या बेतात होता म्हणून तिसऱ्या आठवड्यात एकटे परत आले. कापडात होती ती तिच्या नावाची पाटी. काळी, चकचकीत, सोनेरी अक्षरांची.

चंद्रहासांनी मराठीत समजावून सांगितलं. आपल्यात तेरावा असतो तसा यांच्यात एकोणपन्नासावा दिवस. तोवर गेलेलं माणूस वाटेत असतं. त्या दिवशी त्याला त्याची जागा मिळते, ही पाटी घरातल्या छोट्या देवळात बसते, आणि मग घरचे लोक रोज तिच्याशी बोलतात. जपानात मुलगी विधी करणारच आहे, पण यांना इथे, या घरात, तिची जागा हवी आहे. एकोणपन्नासावा दिवस मार्चमधल्या एका शुक्रवारी येत होता. महिनाही हाताशी नव्हता.

कॉस्मासला हे सगळं लगेच पटलं. वसईत त्यांच्याकडेही माणूस गेलं की महिन्याची मिस्सा असते. गेलेल्या माणसाला तारीख असते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बायको गेलेला माणूस समोर उभा आहे आणि त्याला आपल्या हातचं काही हवं आहे, याने त्याचा जीव कळवळला. त्याने पाटीची लांबी-रुंदी घेतली. मोरिशितांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचा एक कागद ओढला आणि एक उभी रेघ मारली.

कॉस्मासने कागदावर हात ठेवला. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं की साहेब, ड्रॉइंगची गरज नाही, देऊळ मला माहीत आहे, तुम्ही काळजी करू नका.

मोरिशितांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं, आणि वाकून नमस्कार केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमचा मेस्त्री त्या दुपारी फार शहाणा झाला होता.

जपानी देऊळ त्याला माहीत होतं ते कॅलेंडरवरून. गाड्यांच्या कुठल्याशा एजन्सीने दिलेलं ते कॅलेंडर कारखान्याच्या भिंतीवर होतं, बारा महिन्यांची बारा जपानी चित्रं. मे महिन्यात एकावर एक पाच छपरं चढवलेला मनोरा. ऑगस्टमध्ये दोन लाल खांब आणि वर दोन आडव्या तुळया असलेली कमान. ऑक्टोबरमध्ये उंच जोत्यावर उभं असलेलं बिनरंगाचं लाकडी घर, त्याच्या छपराच्या दोन्ही टोकांना फळ्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदून आभाळात गेलेल्या, आणि आढ्यावर ओळीने मांडलेले आखूड ओंडके. खाली इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं होतं, ते वाचायची तसदी त्याने घेतली नाही. पाच छपरांचा मनोरा पाटीला अडचणीचा. ऑक्टोबरचं घर त्याला सुतार म्हणून आवडलं, कारण त्यात एक खिळा दिसत नव्हता. आणि जपान म्हटलं की लाल कमान, हे शेंबडं पोरही सांगेल.

तेव्हा त्याने ऑक्टोबर आणि ऑगस्ट एक केले. बर्मा सागवान काढलं. चार खांबांवर उंच उभं घर, समोर सात पायऱ्यांची शिडी, वर कात्रीसारख्या फळ्या, आढ्यावर सहा ओंडके, एकेक करंगळीएवढा. चित्रात रंग नव्हता म्हणून पॉलिशही केलं नाही, नुसतं घासून लोण्यासारखं मऊ केलं. पुढे लाल कमान. पॉलिशवाला जहूर, सियालकोटचा, सहसा कुणाचं कौतुक करायचा नाही. तोही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. काम खरोखरच सुंदर झालं होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात कामाचा काही दोष नव्हता.

एकोणपन्नासाव्याच्या आठ दिवस आधी, गुरुवारी, मोरिशिता ते न्यायला आले. कॉस्मासने वरचं कापड बाजूला केलं. मोरिशितांनी वाकून छपराच्या खालून पाहिलं, एका सांध्यावरून अंगठा फिरवला, कमानीच्या दोन खांबांमधून आत बघितलं. मग सावकाश सरळ झाले आणि म्हणाले की काम फार सुंदर आहे, आजकाल जपानातही असे हात कमी राहिलेत. आणि वाकले, आधीपेक्षा जास्त. पुन्हा एकदा वाकले. कॉस्मासला वाटलं, आपला केवढा मान झाला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर त्याने ही सगळी हकिकत मार्थाला फोनवर ऐकवली, दोन्ही नमस्कारांसकट. मार्थाने ऐकून घेतली. तिला त्या बाईचं वाईट वाटलं. परक्या मुलखात, कुंड्यांना पाणी घालताना. ती म्हणाली, रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा सांगते, नाव काय होतं तिचं?

कॉस्मासला नाव माहीत नव्हतं. त्याने पाटीची लांबी घेतली होती, रुंदी घेतली होती, जाडीसुद्धा घेतली होती. तिच्यावर लिहिलेलं नाव काय, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. मग विचारून सांग, मार्था एवढंच म्हणाली, आणि त्या एवढ्याने तो जेवढा शरमला तेवढा तिच्या रागावण्याने शरमला नसता.

शनिवारी त्याने चंद्रहासांना फोन लावला. मिनेको, ते म्हणाले. मग फोन ठेवायचा तर ठेवेनात. कॉस्मासने विचारलं, घरात कसं दिसतंय आपलं देऊळ? चंद्रहासांनी आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "मेस्त्री, तुमच्यापासून लपवून काय करू? त्यांनी ते हॉलमध्ये भिंतीवर लावलंय, पण त्याच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवलाय. पाटी अजून जेवणाच्या टेबलावरच आहे, कापडात."

कॉस्मासच्या डोक्यात तिडीक गेली. तेरा वर्षांत कुणी त्याच्या कामाला कागद चिकटवला नव्हता. आवडलं नव्हतं तर तोंडावर सांगायचं, वाकून नमस्कार कसले करता? रविवारी संध्याकाळी काम सुटल्याबरोबर तो चंद्रहासांच्या गाडीत बसला आणि कुरुमला गेला. भांडायचं नाही, फक्त विचारायचं, असं त्याने चंद्रहासांना दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं म्हणजे भांडायचंच होतं.

मोरिशितांनी दार उघडलं. घर अगदी नीटनेटकं, आणि त्यात कुणी राहत नसल्यासारखं. हॉलच्या भिंतीवर डोक्याच्या वर, बरोबर लेव्हलमध्ये, कॉस्मासचं काम होतं. लाल कमान, सात पायऱ्या, आणि जिथे छोटं दार होतं तिथे पांढरा कागद, चारी कोपरे नीट बसवलेला. टेबलावर एकच ताट मांडलं होतं, एकच पेला. ताटापासून हातभर अंतरावर ती कापडाची पुरचुंडी. ती बघितल्यावर त्याच्या रागातली हवा निघून गेली. त्याने एवढंच विचारलं की साहेब, माझं काय चुकलं?

मोरिशितांनी दोघांना बसवलं, चहा केला, आणि मग हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. चंद्रहास मध्ये मध्ये मराठी करत होते. त्यांच्या देशात देवाची घरं दोन प्रकारची. एक शिंतोंचं, तिथल्या जुन्या देवांचं. मूल जन्मलं की तिथे नेतात, लग्न तिथे होतं, नवं वर्ष उजाडलं की पहिली हजेरी तिथे. दुसरं बुद्धाचं. माणूस गेलं की ते त्याच्या हवाली. बहुतेक घरांना दोन्ही लागतात, कुणी एकाला सोडून दुसऱ्याकडे जात नाही. पण शिंतोंच्या देवांना मृत्यू चालत नाही. घरात कुणी गेलं की त्यांच्या तोंडावर पांढरा कागद लावायचा, पन्नास दिवस, म्हणजे घरचं दुःख त्यांच्यापर्यंत जाणार नाही.

"सुतक," चंद्रहास म्हणाले. "सुतकात आपण देवाला शिवत नाही ना, तसं."

मोरिशितांनी भिंतीकडे बघून मान हलवली. "मेस्त्री, हे फार चांगलं घर आहे. पण हे जिवंत माणसांचं घर आहे. माझ्या बायकोला यात जाता येत नाही."

कॉस्मासच्या गावाला एकच चर्च. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, आणि शेवटी मागच्या दाराने दफनभूमीत जायचं तेही तिथूनच. एका माणसाला दोन देवळं लागतात आणि मेल्यावर एक दार बंद होतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने विचारलं, "मग साहेब, तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

"बोलत होतो," मोरिशिता म्हणाले. "मी ड्रॉइंग काढत होतो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. कॉस्मासने मान खाली घातली. बायको गेलेल्या माणसाने कागदावर एक रेघ मारली होती, आणि आपण तिच्यावर हा रंध्याने घट्टे पडलेला पंजा ठेवला. इतका शरमिंदा तो आयुष्यात झाला नव्हता. त्याने उठून माफी मागितली आणि सांगितलं की शुक्रवारपर्यंत मी नवीन करून देतो, पण या वेळी तुम्ही मला शिकवा. पुन्हा चूक झाली तर दुसरा शुक्रवार नाही.

मोरिशिता आत जाऊन एक जाडजूड अल्बम घेऊन आले. मिनेकोबाईंना देवळं बघायची हौस होती. सुट्टी मिळाली की नवऱ्याला ओढत न्यायच्या, आणि प्रत्येक दारात उभं राहून फोटो काढून घ्यायच्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, नेहमी खांद्याला एक निळी पिशवी. कॉस्मासने तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं, दोनशे दरवाजांत उभी राहिलेली.

मोरिशिता एकेक पान उलटायचे आणि नुसते थांबायचे. हे शिंतोंचं की बुद्धाचं, ते कॉस्मासने सांगायचं.

पहिली दहा-बारा सगळी चुकली. मग त्याचा सुतारी डोळा जागा झाला. खुणा त्याने आपल्या आपण काढल्या. सगळ्यात आधी बाईच्या मागचा दरवाजा बघायचा. दोन खांब, दोन आडव्या तुळया, ना छप्पर ना दार, आरपार उघडी कमान, ती शिंतोंची. तिला बंद करायला काही नसतंच. बुद्धाच्या आवाराला खरोखरीचा दरवाजा, वर त्याचं स्वतःचं छप्पर, जाडजूड फळ्यांची दारं, आणि कधी कधी दोन्ही बाजूंना डोळे वटारलेले दोन राखणदार. मग छप्पर बघायचं. गवताचं किंवा झाडाच्या सालीचं, आढ्यावर ओंडके, टोकांना कात्री असेल तर शिंतोंचं. जड काळी कौलं, वळचणीची टोकं वर उचललेली, तर बुद्धाचं. कुठे पाच छपरांचा मनोरा दिसला, मोठी घंटा दिसली, मागे थडग्यांचे दगड दिसले, की विचारायलाच नको. आणि दाराशी जाड दोरखंड लोंबत असेल, त्याला पांढऱ्या कागदाच्या वाकड्या पट्ट्या लावल्या असतील, तर मुकाट्याने शिंतोंचं म्हणायचं.

बाईवरूनही कळायचं. शिंतोंच्या दारात तिचे हात टाळी वाजवलेले असत. तिथे टाळी वाजवून देवाला जागं करतात, आणि मिनेकोची टाळी, मोरिशिता म्हणाले, बाहेर रस्त्यावर ऐकू जायची. बुद्धाच्या दारात हात जोडलेले, टाळी नाही, आणि जवळपास उदबत्तीचा धूर.

कॉस्मासची लागोपाठ वीसेक बरोबर आली. मग एक फोटो आला त्यात पुढे लाल कमान आणि तिच्या मागे तीन छपरांचा मनोरा, आणि मध्ये निळी पिशवी घेऊन बाई हसते आहे. तो बुद्ध म्हणाला. मग नाही नाही, शिंतो म्हणाला. मग त्याने डोकं धरलं. मोरिशिता हसले. चंद्रहासांनी नंतर सांगितलं की जानेवारीपासून त्यांनी या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं. पूर्वी दोन्ही देव एकाच आवारात गुण्यागोविंदाने नांदायचे, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सरकारने हुकूम काढून त्यांना वेगळं केलं, काही ठिकाणी ते जमलंच नाही. मिनेकोला असली ठिकाणं सगळ्यात आवडायची. तिथे एकाच खेपेत दोन्ही कामं होतात, असं तिचं म्हणणं.

मग कॉस्मासने सांगितलं की कौलांचं वळणदार छप्पर सागवानात चार दिवसांत काढता येईल का याचा मला अंदाज नाही, पण बाकीचं करतो. मोरिशितांनी मान हलवली. छप्पर नकोच. घरातलं बुद्धाचं देऊळ बाहेरून देवळासारखं दिसत नाही. बाहेरून ते कपाट. दारं उघडली की आत देवळाचा गाभारा. आम्ही देऊळ बाहेरून लहान करत नाही, ते म्हणाले, आतून लहान करतो.

दहा वर्षं जो नियम कॉस्मास सगळ्या मस्कतला ऐकवत होता, तो असा एका वाक्यात उलटा झाला. त्याने स्वतः उठून टेलिफोनजवळचा कागद आणला, टेबलावर ठेवला, आणि मोरिशिता काढत असताना तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन कोपरे धरून बसला.

निघताना त्याने जुनं काम उतरवून न्यायची परवानगी मागितली. मोरिशिता म्हणाले, तोंडावर कागद असताना त्याला हलवू नये, राहू दे.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत कारखान्यात दुसरं काही झालं नाही. अर्बाबला, म्हणजे कारखान्याच्या मालकाला, सांगितलं की मयताचं काम आहे. अर्बाबने पुढे एक प्रश्न विचारला नाही. आतल्या पायऱ्या तीन. सगळ्यात वर बुद्धाच्या चित्राला जागा, एक पायरी खाली उजवीकडे पाटी, तळाला उदबत्तीचं भांडं आणि घंटेची वाटी. दारं दुहेरी घडीची, बाहेर जाड, आत जाळीची. बिजागऱ्या अशा हव्यात की उघडताना करकर होऊ नये. जाळीतली एक पट्टी बुधवारी फुटली, ती त्याने पुन्हा केली. काळं लाखकाम हवं होतं, पण ते वाळायला आठवडा लागतो आणि मार्चात समुद्रावरून दमट वारा सुटलेला. तेव्हा जहूरने ठरवलं की लाखेचं चपडा पॉलिश मारायचं, कापडाच्या बोळ्याने, पातळ पातळ हात. गुरुवारी दुपारनंतर त्याची सुट्टी होती. कॉस्मासने त्याला घरी जायला सांगितलं, तर तो बोळा खाली न ठेवता म्हणाला, "मय्यत के काम में देर नहीं करते, मिस्त्री." अठरा हात मारले त्याने. लाकूड काळसर लाल झालं, आणि आत खोल कुठेतरी उजेड असल्यासारखं दिसायला लागलं.

शुक्रवारी कॉस्मास मिस्सेला गेला नाही. तेरा वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा. तो आणि चंद्रहास ते कपाट चादरीत गुंडाळून कुरुमला घेऊन गेले.

मोरिशितांनी काळा कोट घातला होता. कपाट भिंतीशी ठेवल्यावर त्यांनी ते ताबडतोब उघडलं नाही. समोर बसले, आणि मग दारं उघडली, बाहेरची, नंतर जाळीची. आवाज झाला नाही. अंगठा त्यांनी या वेळी कुठल्या सांध्यावरून फिरवला नाही. कॉस्मास त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि पुन्हा काम सुंदर आहे असं म्हणाले तर आपण काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. मोरिशितांनी बुद्धाचं चित्र वर लावलं. टेबलावरची पुरचुंडी आणली, सोडली, आणि पाटी दुसऱ्या पायरीवर ठेवली. ठेवून हात लगेच काढला नाही.

उदबत्ती लावली. घंटेची वाटी वाजवली, तिचा आवाज पुष्कळ वेळ घरात राहिला. चंद्रहासांनी हात जोडले. कॉस्मासने क्रूसाची खूण केली, आणि मनातल्या मनात तिचं नाव घेतलं.

मग मोरिशिता उठले. ते दोघांच्या मधून दाराकडे गेले, बूट घातले, बाहेर गेले आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं. चंद्रहासांनी कॉस्मासकडे पाहिलं. कॉस्मासलाही काही कळेना. बिचाऱ्याला रडायचं असेल, आपल्यादेखत नको म्हणून गेला असेल, असं त्याला वाटलं.

दार उघडलं. मोरिशिता उंबऱ्यात उभे होते, कामावरून आल्यासारखे. कपाटाकडे बघून त्यांनी मोठ्याने एक शब्द उच्चारला.

"तादाइमा."

चंद्रहासांना प्रकल्पावर शिकलेले चार जपानी शब्द येत होते, त्यात हा नव्हता. पण अर्थ विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही. घरी आलेला माणूस दारातून काय सांगतो हे कुठल्या भाषेत वेगळं असतं? जपानहून परतल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी या दारातून आत येत होता, आणि मी आलो हे सांगायला समोर एक पुरचुंडी होती.

मोरिशिता उंबऱ्यातच थांबले. आतून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबले. मग त्यांनी बूट काढले, जोडीने नीट लावून ठेवले, आणि घरात आले.